अकरा चाकू झाले, पुढं काय?

मागच्या अंकात या पानावर माझ्याकडच्या एका जुन्या रापीचा, म्हणजे चामडं छिलायच्या पात्याचा, फोटो टाकला आणि खाली दोनच ओळी लिहिल्या, तर त्यावर इतके प्रश्न आले की या वेळी नाणी, काडेपेट्या, पोस्टाची तिकिटं सगळं बाजूला ठेवून फक्त चाकू-सुऱ्यांचंच बोलू. मी स्वतः टूलरूममध्ये हार्डनिंगच्या, म्हणजे पोलाद कडक करायच्या भट्टीपुढं सत्तावीस वर्षं काढलेला माणूस आहे, त्यामुळं पोलादाचा विषय निघाला की जरा वाहवत जातो, सांभाळून घ्या.

काका नमस्कार, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सीएनसी मशीनवर आहे. दीड वर्षात ऑनलाइन बघून बघून अकरा चाकू घेतले. दोन-तीन फोल्डिंग, एक वाकड्या पात्याचा, एक 'डमास्कस' म्हणून घेतलेला, बाकीचे ऑफर दिसली म्हणून. आता ड्रॉवर उघडला की मलाच कळत नाही मी नक्की काय गोळा करतोय. बायको विचारते, खाटकाचं दुकान टाकणार काय? सुरुवात कुठनं करायची आणि फोकस कशावर ठेवायचा?
– एक वाचक, राजारामपुरी

भावा, आधी बायकोला सांग की काकांचे एकेकाळी चाळीस होते आणि काकू तेव्हा याच्यापेक्षा वाईट बोलायच्या. त्या चाळिसातले पाच मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडनं 'ब्रँडेड' म्हणून घेतलेले, पाचही नकली निघाले, मुठीवरच्या स्विस ढालीतला क्रॉस वाकडा आणि टोमॅटोवर ठेवलं की पातं कापायच्या आधी टोमॅटोच चेपायचं. तक्रार केली तर म्हणाले प्रॉडक्ट उघडलंय, परत घेता येत नाही. चाकू न उघडता कसा बघायचा ते काय त्यांनी सांगितलं नाही.

असो. तुझी सुरुवात झालीच आहे, अकरा चाकू म्हणजे सुरुवातच. आता रविवारी दुपारी ते सगळे एका जुन्या चादरीवर मांड, फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि अर्धा तास नुसता बस. एकेक उचल, उघड, मीट, परत ठेव. तुझा हात न ठरवता दोन-तीन ठिकाणीच परत परत जाईल, आणि तो पातं बघायला जातोय, मूठ बघायला जातोय का उघड-मीट करायला जातोय एवढंच लक्षात ठेव. फोकस फोकस म्हणतात तो तिथंच सापडतो, यूट्यूबवर नाही.

तू सीएनसीवर आहेस म्हणजे फिटिंग, क्लिअरन्स, प्ले, म्हणजे दोन भागांतली फट आणि हालचाल, हे तुझ्या बोटांना कळतं, म्हणून माझा अंदाज आहे की तुझा हात उघड-मीट करायलाच जाणार. तसं असेल तर तुझ्या कलेक्शनचा प्रश्न एका ओळीचा कर: उघडलेलं पातं उघडं राहतं कशानं? एवढाच प्रश्न, पण त्यात पाच-सात वर्षं जातील बघ. जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी घे, त्याला लॉक नसतोच, पात्याला मागं एक शेपूट असते तिच्यावर अंगठा दाबून धरायचा, बस्स. त्यानंतर स्विस चाकू, त्यात पाठीमागं एक पट्टीची स्प्रिंग असते ती पात्याला नुसती अडवते, कुलूप घालत नाही, त्याला स्लिपजॉइंट म्हणतात. मग लॉकबॅक, त्यात तीच पाठीची पट्टी खाचेत बसते. मग लायनर लॉक, त्यात आतली पातळ पट्टी बाजूनं सरकून पात्याच्या बुडाखाली येते, आणि फ्रेम लॉकमध्ये तर मुठीचीच एक बाजू ते काम करते. आणि फ्रान्सचा ओपिनेल, त्याच्या गळ्यात एक फिरती कडी असते, ती फिरवली की पातं अडकलं. ही कडी १९५५ साली आली, चाकू मात्र १८९० पासूनचा, म्हणजे कडी नसलेला जुना ओपिनेल मिळाला तर तो आधीच्या काळातला असू शकतो. छोट्या नंबरांना कडी अजूनही नसते, तेव्हा विक्रेत्यानं दोन नंबरचा दाखवून 'जुना पीस' म्हटलं तर हसून पुढं जा.

प्रत्येक जातीचा एकच, पण चांगला, असे सात-आठ झाले की तुझ्याकडं येणाऱ्या माणसाला तू ते एका ओळीत लावून अर्धा तास गोष्ट सांगू शकतोस. आत्ताच्या अकरांत तू काय सांगणार, हा सेलमध्ये घेतला आणि तो पण सेलमध्ये घेतला?

लॉक नको असतील तर एकच बनवणारा पकड. स्विसचंच घे, तिथल्या कार्ल एल्सेनर या चाकू बनवणाऱ्यानं १८९१ मध्ये सैनिकांसाठी चाकू द्यायला सुरुवात केली आणि १८९७ ला कॉर्कस्क्रूवाला 'ऑफिसर चाकू' रजिस्टर केला, नाव ऑफिसर पण लष्करानं तो अधिकृतपणे घेतलाच नाही, साहेब लोक पदरचे पैसे घालून घ्यायचे. पण 'स्विस चाकू गोळा करतो' हा फोकस नव्हे, समुद्र आहे तो, शेकड्यानं मॉडेलं. फक्त मिटल्यावर ९१ मिलिमीटर लांबीचे घेतो, किंवा फक्त अ‍ॅल्युमिनियमच्या मुठीचे घेतो असं काहीतरी कुंपण घाल. कुंपण नसलं की शेजारच्याची म्हैस आपल्याच उसात.

तिसरी वाट माझी, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. मी ते चाळीस टप्प्याटप्प्यानं विकले, आलेल्या पैशातनं दोन चांगले घेतले आणि नंतर फक्त कोल्हापूर भागातली कामाची पाती गोळा करायला लागलो. म्हणजे चप्पल करणाऱ्याची रापी, न्हाव्याचा वस्तरा, मटणवाल्याचा सत्तूर, ऊसतोडीचा कोयता, भाताचा विळा, भांगलणीचं खुरपं, पानवाल्याचा अडकित्ता. याला परदेशातनं काही मागवावं लागत नाही, आठवडी बाजारात जायचं, रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या घिसाडी मंडळींच्या भात्याजवळ तासभर बसायचं, चहा पाजायचा, विचारायचं. गाडीच्या स्प्रिंगचा तुटलेला पाटा लाल करून त्यातनं कोयता कसा निघतो आणि त्याला पाणी कुठपर्यंत पाजायचं, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कुठपर्यंत कडक करायचं, हे बघताना माझी टूलरूमची सगळी मस्ती उतरली. आमच्याकडं भट्टीला डिजिटल कंट्रोलर होता, तो माणूस नुसता रंग बघून सांगत होता, आणि सगळ्या पात्याला पाणी देत नव्हता, फक्त धारेच्या बाजूला, पाठ मऊच ठेवायची म्हणजे उसाच्या बुडात दगड लागला तरी कोयता मोडत नाही.

ती फोटोतली रापी अशीच मिळाली. सुभाषनगरात एका म्हाताऱ्या कारागिराकडं चप्पल टाचायला गेलो होतो. ते रापीनं चामडं छिलत होते, ढकलत, अंगापासनं लांब, आणि त्यांच्या हातातलं पातं बाजूला पडलेल्या नव्या रापीच्या जेमतेम निम्मं होतं. विचारलं तर म्हणाले वडिलांची आहे, रोज दगडावर पाजवून पाजवून एवढी उरली. मूठ इतकी गुळगुळीत की अंगठा बसायच्या जागी लाकडात वाटीसारखा खड्डा पडलेला, आणि तो खड्डा डाव्या बाजूला होता, म्हणजे वडील डावरे होते काय असं विचारलं तर म्हातारा थांबला, हसला, म्हणाला तुम्हाला कसं कळलं. ती त्यांनी लगेच दिली नाही, तीन महिन्यांनी दिली, नवीन पातं करून नेल्यावर. माझ्याकडं आज जे काही आहे त्यात बाजारभावानं सगळ्यात स्वस्त तीच असेल, पण घराला आग लागली तर मी तीच उचलणार.

ही वाट तुझी असेलच असं नाही. पण कुठलीही धर, एक वही कर. प्रत्येक पात्याला एक पान: कुठं मिळालं, कधी, कितीला, कुणाकडनं, पात्याची लांबी मिलिमीटरमध्ये, वजन, बुडाशी काही छाप आहे का, मूठ कशाची. फोटो काढताना शेजारी स्टीलची पट्टी ठेव. आणि सहा महिने एक नियम पाळ, दोन विकल्याशिवाय एक घ्यायचा नाही. लई अवघड जातं पहिल्यांदा, मग मजा यायला लागते.

माझ्याकडं तो लाटांच्या नक्षीचा डमास्कस चाकू आहे, स्वस्तात मिळाला. खरा कसा ओळखायचा?
– एक वाचक, इचलकरंजी

स्वस्तात मिळाला यातच अर्धं उत्तर आलं. आज 'डमास्कस' म्हणून जे मिळतं ते दोन वेगळ्या पोलादांचे थर एकत्र ठोकून केलेलं असतं, मग अ‍ॅसिडमध्ये बुडवलं की एक थर काळा पडतो, निकेलवाला थर चमकत राहतो, तीच नक्षी. नकलीत साध्या पात्यावर वरनं नक्षी कोरलेली किंवा छापलेली असते. पात्याची पाठ बघ, खऱ्यात थर एका बाजूनं पाठीवरनं वळसा घालून दुसऱ्या बाजूला उतरतात, छापलेल्यात पाठीवर नक्षी थांबते नाहीतर दोन्ही बाजूंचा मेळ लागत नाही. अगदीच खात्री करायची तर मुठीजवळ नखाएवढी जागा बारीक पॉलिश पेपरनं घासून फेरिक क्लोराइडचा बोळा लाव, नक्षी परत उठली तर खरा, नाही उठली तर पैसे गेले. हातमोजे घालून कर, आणि मोरीत करू नको, फरशीवरचा डाग जात नाही, मला घरातनं आठवण करून देतात अजून.

बाकी जुनी दमास्कसची पाती ज्या पोलादाची म्हणून गाजली ते मुशीत वितळवलेलं पोलाद आपल्या दक्षिण भारतातनं जायचं, वूट्झ म्हणतात त्याला, ती नक्षी थर ठोकून नाही तर पोलादाच्या आतनंच येते. दोन्ही गोष्टींचं नाव एक पडलंय, वस्तू वेगळ्या आहेत.

आमच्या आजेसासूबाईंचे तीन अडकित्ते आणि एक लोखंडी विळी माळ्यावर सापडली. अडकित्त्यातला एक पितळेचा मोराचा आहे, दोन लोखंडी, काळे पडलेत. चिंच लावून घासून ठेवू का? आणि तीन अडकित्त्यांना कलेक्शन म्हणतात का?
– एक वाचक, गडहिंग्लज

वहिनी, चिंच लांब ठेवा! पितळेच्या मोराला एकवेळ चालेल, तेही मी करणार नाही, पण लोखंडाला चिंच-लिंबू लावलं की आंबटपणा पात्यात जातो आणि आठवड्यात तांबडा गंज फुलतो. शिवाय लोखंडावरचा जो काळा-तपकिरी रंग आहे तो घाण नव्हे, तो वर्षानुवर्षं हात लागून, तेल लागून, सुपारीचा रस लागून चढलेला थर आहे, तोच खालच्या लोखंडाला सांभाळतो आणि तोच गेला की वस्तू कालच बाजारातनं आणल्यासारखी दिसते. गोळा करणारे लोक अशा घासून चकचकीत केलेल्या वस्तूकडं बघतसुद्धा नाहीत. तांबडी भुकटी उठली असेल तिथं फक्त शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी सुती फडक्यानं पुसा, परत लावा, दोन-चार वेळा करा. खिळ्याच्या सांध्यात एक थेंब सोडा. खोबरेल नको, ते काही महिन्यांनी चिकट होतं, त्यावर धूळ बसते.

आणि तीन म्हणजे उत्तम सुरुवात आहे, कारण या तीन अडकित्त्यांची गोष्ट तुमच्या घरात कुणाला तरी माहिती आहे. कुणाच्या माहेरचा, कुणाच्या लग्नात आला, पान कोण खायचं, हे सासूबाईंना आजच विचारून लिहून ठेवा, उद्यावर टाकू नका. पुण्याला जाणं झालं तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते नक्की बघा, एका माणसानं घरातल्या रोजच्या वस्तू गोळा करत नेल्या तर काय उभं राहतं ते तिथं दिसतं, आणि अडकित्ता ही साधी सुपारी फोडायची वस्तू किती रूपांत येते तेही. विळी माळ्यावर परत टाकू नका एवढी विनंती. विळी गोळा करणारं माणूस मला आजवर भेटलं नाही, आणि मॉड्युलर किचन आलेल्या घरात ती पहिली भंगारात जाते.

नेपाळहून मित्रानं कुकरी आणली, पातं अकरा इंच आहे. घरी भिंतीवर लावली तर चालेल का? पोलिसांचं काही लफडं?
– एक वाचक, शिवाजी पेठ

मी वकील नाही, पण एवढं माहिती ठेव. शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्याच्या नियमांतल्या यादीत तलवार, खंजीर, कृपाण, कुकरी यांच्याबरोबर नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. घरकाम, शेती, कारखाना किंवा शास्त्रीय कामासाठी बनवलेली पाती त्यातनं वगळली आहेत, म्हणून तुझ्या घरातला नारळाचा कोयता हा विषय वेगळा आणि भिंतीवरची अकरा इंची कुकरी वेगळी. बिल किंवा आणल्याचा जो कागद असेल तो घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवान्याच्या टेबलावर एकदा सरळ विचारून ये, आणि ते सांगतील तसं कर. मित्र म्हणाला, दुकानदार म्हणाला, यावर जाऊ नको.

आणि घरात ठेवणं वेगळं, बाहेर घेऊन फिरणं वेगळं. सणवार, निवडणुका आल्या की जिल्ह्यात बंदी आदेश निघतात, तेव्हा हत्यार घेऊन रस्त्यावर दिसलं की विषय हार्ड होतो. तलवारीनं केक कापायचा, कोयता हातात घेऊन रील टाकायची, हे प्रकार करणारी पोरं पोलीस स्टेशनला हात जोडून उभी राहिलेली आपण पेपरात बघतोच. त्या पोरांमुळं आमच्यासारख्यांनी पिशवीतनं जुना विळा काढला तरी लोक दचकून बघतात, याचा मला खरंच राग येतो.

जुनी वस्तू घेणाऱ्यांसाठी अजून एक, शंभर वर्षांपुढच्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागू होऊ शकतो, असली वस्तू परदेशातल्या भाच्याला कुरिअर करायच्या भानगडीत पडू नका.

पावसाळ्यात काय करायचं? चामड्याच्या म्यानात नीट ठेवले होते तरी डाग पडले.
– एक वाचक, राधानगरी

तरी नाही, म्यानात ठेवले *म्हणूनच* पडले. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली रसायनं त्यात असतात, पातं महिनोन् महिने त्याला चिकटून राहिलं की डाग ठरलेला, पितळेच्या भागावर तर हिरवं चढतं. माझा एक चांगला शिकारी चाकू असाच गेला, जूनमध्ये म्यानात घालून कपाटात ठेवला आणि गणपतीत काढला तर पात्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. राधानगरीत तर काय, पावसाळ्यात तुमच्याकडं भिंतीलाच घाम येतो. म्यान वेगळं, चाकू वेगळा ठेवा. पातं कोरडं पुसायचं, मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात मारायचा, नंतर बोटांनी धरायचं नाही, बोटांचा घाम सुद्धा छाप सोडतो. घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, औषधाच्या बाटलीतनं निघणाऱ्या जमवल्या तरी चालतात. स्टेनलेस आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्यालाही गंज येतो, फक्त उशिरा येतो.

जुन्या चाकूंची मूठ सेल्युलॉइडची असेल, म्हणजे कासवाच्या पाठीसारखी किंवा मोत्यासारखी दिसणारी जुनी प्लॅस्टिक मूठ, तर तो चाकू एकटाच बाहेर ठेवा. ते सेल्युलॉइड जुनं झालं की त्यातनं वाफा निघतात आणि डब्यातल्या शेजारच्या चांगल्या पात्यांनाही गंजवतात.

माझा मुलगा आठवीत आहे, त्याला चाकू जमवायचेत. काय करू?
– एक आई, कळंबा

ताई, आधी त्याला पेन्सिल करायला एक छोटा चाकू द्या आणि धार लावायला शिकवा, तुम्ही शेजारी बसून. घ्यायचं नंतर, बघायचं आधी. रविवारी न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये न्या, तिथली शस्त्रं बघताना सांगा की आज फक्त मुठी बघायच्या आणि आवडलेल्या तीन वहीत काढायच्या. पोराला चित्रं काढायचा कंटाळा आला तर चाकूचा नादही महिन्यात जाईल, आणि नाही आला तर मला फोन करा, माझ्याकडचं एक जुनं खुरपं त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवतो.

खंडेनवमीला कलेक्शनची पूजा करता का?
– एक वाचक, मंगळवार पेठ

करतो की. टूलरूममध्ये असताना व्हर्निअर, मायक्रोमीटर, भट्टीला हार घालायचो, आता घरातली पाती मांडतो. पण ओलं हळदी-कुंकू थेट पात्यावर लावू नका, खाली डाग पडतो आणि तो निघत नाही. मी तेलाचा हात मारून ठेवतो, कुंकू फक्त मुठीला लावतो आणि संध्याकाळी सगळं पुसून परत डब्यात. पाटावर पहिला मान आमच्याकडं स्वयंपाकघरातल्या विळीचा असतो, काकूंचा हट्ट आहे तो, म्हणतात तुमची सगळी पाती बसून खातात, कामाला हीच आहे. तेवढं झालं की मग माझी रापी.